सर कुठे आहेत?

अगं,

बंगळूरच्या पावसाचे फोटो भर उन्हाळ्यात अंबाजोगाईला पाठवायचे, हा छळ आहे छळ! इथे दुपारी मुकुंदराजांच्या डोंगराकडे डोळे वर करून बघवत नाही आणि तू छत्री घेऊन मिरवतेस. तुला सांगते, त्या फोटोत तुझ्यामागे विज्ञान संस्थेचं फाटक दिसलं आणि मी तुला सोडून त्याच्याकडेच बघत बसले. रागावू नकोस.

आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला याच फाटकाशी अडली होती. (दुर्गाबाईंवरून आठवलं, माझं ‘ऋतुचक्र’ अजून तुझ्याकडेच आहे. व्याज लावीन.) वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, म्हणून मुंबईची पदवी हातात पडताच १९३३ साली तिनं तिथे अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी तिला नाकारलं. ती थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी नाही, संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

मला ही शेवटची अट सगळ्यांत जास्त टोचते. मन ढळणार त्यांचं आणि सांभाळायचं हिनं! रामन यांचं समाधान झालं, पुढे तिथे मुलींना प्रवेशही मिळू लागला. मग केंब्रिजला कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंध म्हणे जेमतेम चाळीस पानांचा. तुझा तो उशीएवढा जाड प्रबंध आठव आणि गप्प बस.

परवा आमच्या कॉलेजच्या लॅबचा सर्व्हर बंद पडला. दुरुस्तीला एक पोरगा आला. मी टेबलाखाली शिरून वायरी तपासत होते. म्हणाला, “मॅडम, सर कुठे आहेत?” मी तिथूनच विचारलं, “काय काम आहे सरांकडे?” त्याला पासवर्ड हवा होता. तो फक्त मला ठाऊक! मागच्या बाकावरच्या पोरी अशा फिसकन हसल्या, की तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. गुणी होता गं, जाताना “सॉरी मॅडम” म्हणून गेला.

त्याच्यावर माझा राग नाही. राग येतो तो पाहुणे आले की रांगोळी, औक्षण, सूत्रसंचालन न विचारता बायकांच्या नावापुढे लिहिलं जातं तेव्हा. यंत्रखरेदीच्या बैठकीला मात्र आम्ही कुणाला आठवत नाही.

मुली भरपूर येतात आता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, त्याचा फार आधार झाला. पण कॉम्प्युटरच का, म्हणून विचारलं की पालक सांगतात, “सावलीतलं काम हाय, लग्नानंतर घरी बसून बी करता येतं.” म्हणजे पोरगी पहिल्या वर्गात बसायच्या आधीच तिची नोकरी कुणाच्या सोयीची असेल, ते ठरलेलं! आणि हे कुठल्या जिल्ह्यात, तर जिथे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. माझ्या वर्गात बसलेली प्रत्येक पोरगी मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

त्यातली एक तुझ्यासाठी राखून ठेवलीय. आईवडील ऊसतोडीला जातात. तुला ते नव्यानं काय सांगायचं? नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, आणि बाईचा घाम हिशेबात वेगळा कधी धरलाच जात नाही. जोडी झाली की उचल मिळते, म्हणून हिच्या मैत्रिणींची लग्नं दहावीच्या आतच उरकली. हिच्या आईनं मात्र हिला आजीपाशी ठेवलं आणि शिकवलं. पोरगी असा नेटका प्रोग्रॅम लिहिते, की तपासताना मीच शिकते.

तिला तुमच्या बंगळूरला दोन महिन्यांच्या कामासाठी बोलावलंय. घरी सगळं अडलंय ते “एकटी पोरगी कुठं राहील” यावर. तिच्या वर्गातला मुलगा पुण्याला निघाला, तेव्हा त्याला हे कुणी विचारलं नाही. मी तुला न विचारताच सांगून टाकलं, की माझी मैत्रीण आहे तिथे, दुसरी खोली रिकामीच असते.

तिचे वडील रविवारी तुला फोन करतील. आपल्या बोलीत बोल, मधे तुझं बंगळुरी इंग्रजी आणू नकोस. “हिच्या लग्नाला उशीर तर होणार नाही ना?” असं ते विचारतील. तू लगेच भडकशील, मला माहीत आहे. भडकू नकोस. माणूस चांगला आहे, लोकांच्या बोलण्याला भितो. त्यांना आधी ऑफिस घरापासून किती लांब आहे ते सांग, संध्याकाळी ती कशी परत येईल ते सांग, आणि पगार तिच्याच नावावर जमा होतो हेही सांग. तिच्या आईलाही फोनवर घ्यायला लाव. गाडीचं तिकीट मी काढते.

तुझीच