धूर म्हणजे न जळालेले सरपण

चुलीत लाकूड जळते आणि समईत तेल जळते, असे आपण सहज म्हणतो. पण ज्योत म्हणजे नेमके काय, हे एकदा समजून घेतले तर घरातला धूर कमी करता येतो. म्हणून आज हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे.

मायकेल फॅरडे हा इंग्लंडातील एका लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याचे काम शिकता शिकता तीच पुस्तके वाचून तो पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला. १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय एकच, मेणबत्ती! त्यातला एक प्रयोग आपणही करून पाहा. मेणबत्ती विझवताच वातीतून पांढुरका धूर वर चढतो. जळती काडी वातीला न लावता वरच्या त्या धुराला लावा. ज्योत धुरावरून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. लाकडाचेही तसेच आहे. ते तापले की त्यातून वायू निघतो आणि तो पेटला की ज्वाळा दिसते.

आता काजळाचे पाहा. आमच्या घरी आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे पालथे धरून काजळ पाडायची. हे काजळ येते कोठून? ज्योतीत कोळशाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते तापून चमकतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते. कडेला हवा मिळाली की ते जळून जातात. मध्येच थंड भांडे आले की ज्योत निवते आणि कण न जळता भांड्याला चिकटतात.

ज्योत निवते, याच गुणाने खाणीत माणसे वाचवली. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडात फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले दगावली. खाणीतला वायू उघड्या दिव्याने पेट घेई. फॅरडेचे गुरू हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता ओढून घेते, त्यामुळे ज्योत जाळीपलीकडे जाऊ शकत नाही. या शोधाचे पेटंट डेव्हींनी घेतले नाही.

खाणीत जे उपकारक, तेच चुलीत नडते. ज्योतीला उष्णता आणि हवा दोन्ही लागतात. ओले लाकूड घातले की उष्णता पाणी आटवण्यातच खर्ची पडते. चूल लाकडांनी ठासून भरली की हवा कोंडते. भांडे फार खाली टेकले की ज्वाळा पुरती जळण्याआधीच निवते. मग उरतो तो धूर. माझ्या आईचा अर्धा जन्म त्या धुरात गेला. पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर फुंकणी फुंकून तिचे डोळे लाल होत आणि उतारवयात तिला दमा जडला. बाईच्या नशिबी धूर असायचाच, असे सारे म्हणत. मला वाटते, त्यात नशिबाचा वाटा थोडाच होता. रानातून डोक्यावर मोळी आणायची आणि तिचा काही भाग धूर होऊन आपल्याच छातीत जायचा!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मेली. आज पुष्कळ घरांत गॅस आला आहे. तरी आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल अजून पेटतेच. म्हणून सरपण पावसाआधी छपराखाली रचून ठेवा. जाड ओंडके फोडून घ्या. थोडीथोडी लाकडे, मध्ये फट ठेवून घाला. राख रोज काढा आणि धुराला छपरातून वाट द्या. गॅसची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर तिला हवा कमी पडते आहे असे समजा आणि बर्नर साफ करून घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लाल निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देण्यासाठी शेगडी पेटवतात आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. आयाबायांनो, शेक देताना खिडकी उघडी राहू द्या. शेक झाला की शेगडी अंगणात नेऊन ठेवा आणि मगच बाळ-बाळंतिणीला निजू द्या.