अण्णांची हलकी रायफल

बंदूक या वस्तूशी मध्यमवर्गीय माणसाचा संबंध तीनच ठिकाणी येतो. दिवाळीत टिकल्यांची, जत्रेत फुगे फोडायची आणि बँकेच्या दारातल्या वॉचमनची. पहिली नुसती वाजते, दुसरी मुद्दाम वाकडी केलेली असते आणि तिसरी वाजेल की नाही हे खुद्द वॉचमनलाही ठाऊक नसतं. त्यामुळे आमच्या शेजारच्या अण्णांनी "मापाची रायफल करून घ्यायचीय, कोणी चांगला कारागीर आहे का माहितीत?" असं विचारलं, तेव्हा 'मापाची' या शब्दावर मला फक्त आमचा शिंपी आठवला.

अण्णा म्हणजे वसईचे खानदानी वाडीवाले. वय बहात्तर. घरात वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक, रीतसर परवान्यासकट. वडिलांनी तिने रानडुकरं मारली. अण्णांनी तिला तेल लावलं. दर निवडणुकीला ते ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात आणि लेकीला सासरी पोचवल्यासारखे दोन दिवस गप्प बसतात.

नेमका 2024च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला. चिमाजीअप्पांनी 1739 साली घेतलेला किल्ला त्याने एकट्याने, बिनवेढ्याचा घेतला! तीनेक आठवडे सगळी वसई संध्याकाळी लवकर घरी येऊ लागली. आणि अण्णांची बंदूक? लोकसभेच्या आचारसंहितेपायी ठाण्यात! पुढे एप्रिलमध्ये वनखात्याने पिंजरा लावून बिबट्या धरला. एक गोळी उडाली नाही. पण अण्णांच्या मनात रायफल शिरली ती शिरलीच.

"दुनळी आता खांद्याला सोसत नाही रे. हलकी हवी. कॉर्बेटसारखी."

चंपावतची नरभक्षक वाघीण 1907 साली मारल्याबद्दल कॉर्बेटला लंडनच्या रिग्बी कंपनीची .275 रायफल भेट मिळाली होती. हलकी आणि नेमकी. अण्णांना अगदी तस्सी हवी होती. फक्त वाघीण, कंपनी आणि लंडन एवढ्या तीन गोष्टी कमी होत्या.

मग अण्णांनी अभ्यास सुरू केला आणि श्रोता म्हणून मला धरलं. त्यातून कळलं की माझा शिंपी काही अगदीच चुकीचा नव्हता. विलायतेतले नामांकित कारागीर गिऱ्हाइकाचं खरोखरच माप घेतात. चापापासून खांद्यापर्यंतचं अंतर, गाल दस्त्यावर कुठे टेकतो, मान किती लांब. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास बंदूक असते. तिचा दस्ता स्क्रू फिरवून लांब, आखूड, तिरका, कसाही करता येतो. कच्च्या शिलाईचा कोटच म्हणा ना! माप ठरलं की मग वर्षानुवर्षं मुरवलेल्या अक्रोडाच्या लाकडाला पटाशी लावायची. बंदूक खांद्याला लावताच डोळा आपोआप माशीवर आला पाहिजे. मान वाकवून शोधावी लागली तर ती बंदूक दुसऱ्याची!

"आणि हलकी?" मी विचारलं.

"तिथेच तर मेख आहे," अण्णा म्हणाले. "वजन उतरवलं की धक्का वाढतो. नळी बारीक केली की दोन-चार बारांत तापते आणि गोळी भरकटायला लागते. म्हणून 'साहेब, सांगाल तेवढी हलकी करून देतो' म्हणणारा कारागीर सोडून द्यायचा. कुठून मारणार, किती बार काढणार, कशावर मारणार हे आधी विचारील तो धरायचा."

त्यांच्या पुतण्याचा वालीवला लेथचा गाळा आहे. "काका, कशाला हिंडताय? दुनळीची नळीच वीतभर कापू, होईल हलकी," असं तो म्हणाला. वालीवच्या गाळ्यांत काय बनत नाही, हे खरंच आहे. पण 1959च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनवायलाच काय, नळी आखूड करायलाही परवाना लागतो. अण्णांनी पुतण्याला चहाही न देता वाटेला लावलं.

अखेर मुंबईतलं बंदुकीचं एक जुनं, परवानेवाला कारागीर असलेलं दुकान सापडलं. मीही बरोबर गेलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेटजींनी अण्णांचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "कशावर मारणार?"

कारागीर अस्सल होता! पण अण्णांचं तोंड उघडेना. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि 1991च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही संपली. तुंगारेश्वरचं रान तर 2003पासून अभयारण्य आहे. कॉर्बेट स्वतः वसईत अवतरला असता तरी त्याला कॅमेराच घ्यावा लागला असता.

"नातीसाठी बघायचंय," अण्णा एकदम म्हणाले.

हे मलाही नवीन होतं. नात आठवीत आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसला रायफलीत ब्राँझ आणल्यापासून तिने एअर रायफलचा ध्यास घेतलेला. क्लबाची रायफल तिच्या हाताला लांब पडते, गाल टेकत नाही, म्हणून कुरकुरत असायची. शेटजींचा चेहरा खुलला. पुढच्या रविवारी पोरीला आणलं. दस्ता किती मागे घ्यायचा, गालाखालची पट्टी किती उचलायची, खांद्याचा पत्रा कुठे बसवायचा, यात तासभर गेला. दहा मीटरवर जो दहाचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक! अण्णांना तर बिबट्यासुद्धा चष्म्याशिवाय दिसला नसता.

"आजोबा, हलकी नको हं. जड असली की हलत नाही," नातीने सांगितलं. साडेपाच किलोपर्यंत चालते म्हणे. सहा महिन्यांचा हलकेपणाचा अभ्यास अण्णांनी मुकाट्याने गिळला.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. दुनळी पुन्हा ठाण्यात गेली. निकाल लागले, शपथविधी झाला, तरी ती आणायला जायची अण्णांची घाई दिसेना. एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, "राहू दे. तिथे दोन माणसं पहाऱ्याला आहेत. इथे मी एकटाच."

काकूंनी मात्र रिकामा खिळा पाहून घेतला होता. त्यावर आता कालनिर्णय आहे. नातीच्या स्पर्धांच्या तारखांभोवती लाल पेनने गोल काढलेत. काढलेत अण्णांनीच. हात थरथरतो, त्यामुळे एखादी तारीख गोलाच्या बाहेर राहते, एवढंच.