नदी अडली, मासे बदलले

अमेरिकेत कन्येकडे गेलो असता कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियनचे धरण पाहण्याचा योग आला. तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमध्ये सुमारे २१६ मीटर उंचीची भिंत उभी आहे. १९६३ साली तिने नदी अडविली आणि दरीत पॉवेल सरोवर साठू लागले. ते पुरते भरावयास १९८० साल उजाडले.

काठी गळ टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला तेथील मासेमारीची रीत सांगितली. वसंतात पाणी कोमट झाले, की लहान तोंडाचे बास मासे अंडी घालण्यास खडकाळ काठाशी येतात. उन्हाळ्यात पट्टेरी बासांच्या झुंडी चिमुकल्या शॅड माशांचा पाठलाग करीत वर येतात. तेव्हा पाण्याला जणू उकळी फुटते!

“हे सारे या नदीचेच ना?” मी विचारले.

ते हसले. “यांतला एकही नाही. सारे माणसांनी आणून सोडलेले.” शॅड १९६८ साली आले, पट्टेरी बास १९७४ साली.

मग मूळचे मासे कोठे गेले? पूर्वी ही नदी गढूळ असे आणि उन्हाळ्यात तापे. पाठीवर कुबड असलेला चब मासा तशा पाण्यात सुखाने नांदे. धरण झाल्यावर गाळ सरोवरात बसला आणि खोलवरचे थंडगार, नितळ पाणी खाली वाहू लागले. त्या गारठ्यात चबची अंडी व पिले वाढेनात. एका उबदार उपनदीच्या आश्रयाने तो कसाबसा टिकला.

पुढे दुष्काळाने सरोवर खालावले. वरचे कोमट पाणी जनित्रांच्या नळांपर्यंत उतरले आणि त्यासवे बासही धरणाखाली पोहोचले. २०२२ साली तेथे त्यांची पिले आढळली. ही जात चबच्या पिलांना खाऊन टाकते. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात खोलवरचे थंड पाणी दुसऱ्या नळांतून सोडण्यात आले. त्या पाण्यापासून वीज मिळत नाही. तो तोटा पत्करला गेला.

ज्या गारठ्याने चबला छळले, त्याच गारठ्याचा आता त्याच्या रक्षणासाठी उपयोग करावा लागला! धरणाची भिंत बांधून होते. पण अडविलेल्या पाण्यातील जिवांची काळजी माणसाला दरसाल नव्याने वाहावी लागते.