आप्पांच्या ताटातील कोंबडी

गेल्या वर्षी मे महिन्यात मी सिंधुदुर्गातील आमच्या गावी गेलो होतो. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वय 82. न्यूमोनियातून उठल्यानंतर चार महिन्यांत त्यांचे वजन पाच किलोंनी घटले होते. ‘प्रथिने वाढवा’ असे मी फोनवरून वहिनींना वारंवार सांगत असे आणि त्याही दर रविवारी खुराड्यातील कोंबडी आप्पांसाठी रांधीत असत.

त्या दुपारी ताटे उचलताना आप्पांच्या वाटीखाली चघळून ठेवलेले चार तुकडे मला दिसले. “माका आता चावूक जमणा नाय. वहिनीक सांगू नको,” ते हळूच म्हणाले. इतके दिवस ते केवळ रस्साच पीत होते! तीस वर्षे रुग्णांना आहार लिहून देणाऱ्या मला, घरच्याच माणसाला ‘चावता येते का?’ एवढे विचारण्याचे सुचले नव्हते.

रश्श्यात सारा कस उतरतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बहुतेक प्रथिने मांसातच राहतात. वृद्धांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. शिजलेल्या 100 ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीतून सुमारे 25 ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मग गावठी कोंबडी इतकी चिवट का होते? एक कारण तिचे वय. अंगणात हिंडलेल्या, अंडी घालून थकलेल्या कोंबडीच्या स्नायूंतील कोलॅजनचे धागे वयानुसार घट्ट होत जातात. दुसरे कारण मला एमबीबीएसच्या अभ्यासातूनच ठाऊक असायला हवे होते. मृत्यूनंतर स्नायूंतील ऊर्जा संपते आणि ते काही तास ताठर होतात. आमच्याकडे सकाळी कापलेली कोंबडी तासाभरात चुलीवर चढे, म्हणजे नेमकी त्या ताठरण्याच्या काळात शिजे.

आम्ही पद्धत बदलली. शक्यतो तलंग किंवा चार-पाच महिन्यांचा कोंबडा निवडू लागलो. साफ केलेले मांस झाकून रात्रभर फ्रिजमध्ये, 4 अंशांच्या आत ठेवू लागलो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे मात्र हा प्रयोग करू नये. सकाळी त्याला दही, आले व हळद लावून तासभर मुरवायचे. कच्च्या पपईचा कीस लावल्यास अर्धा तास पुरे, अन्यथा मांसाचा लगदा होतो. कोंबडी जून असेल, तर पातेल्यात भरपूर पाण्यासह मंद आचेवर दोन-तीन तास शिजवावी. कोलॅजन विरघळून मांस हाडापासून सुटू लागते. घाई असल्यास कुकर आहेच. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट मात्र वेगळे ठेवावेत, मांस आतपर्यंत शिजल्याची खात्री करावी.

आप्पांसाठी वहिनी हाडे काढून धाग्यांच्या आडवे बारीक तुकडे करतात, ते रश्श्यात कालवून मऊ भातासोबत देतात. रक्तदाबामुळे मीठ बेताचेच. जेवताना त्यांना ताठ बसवतात, घाई करीत नाहीत. कोणा वृद्धाला जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर तो वयाचा दोष मानून सोडू नये, तपासून घ्यावे.

आप्पांची कवळीही सैल झाली होती, तीही आम्ही दुरुस्त करून घेतली. दोन महिन्यांनी त्यांचे वजन दीड किलोने वाढले. त्यात कोंबडीचा वाटा किती आणि कवळीचा किती, हे मी सांगू शकणार नाही. परंतु आपल्या घरी वृद्ध व्यक्ती असेल, तर आज जेवण झाल्यावर तिच्या ताटात काय उरले आहे, तेवढे अवश्य पाहावे.