विद्येचा मुक्काम

चिनी भाषा आणि चिनी संस्कृती या विषयात पदवी घेण्याचा इरादा एखाद्या मुलीने घरात बोलून दाखवला, की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. आणि दुसरा निघतो तो, या विद्येसाठी खरोखरच त्या देशात वर्षभर जाऊन राहण्याचे प्रयोजन काय, असा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजारपेठेच्या हाती आहे आणि ते दर काही वर्षांनी पालटते, म्हणून त्याविषयी मी येथे काही लिहीत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र फार जुने आहे, आणि ते एका चिनी विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या संदर्भात देऊन ठेवलेले आहे. इ.स. ६७१ मध्ये कँटनहून गलबतात बसलेला इत्सिंग नावाचा भिक्षू हिंदुस्थानात थेट उतरला नाही. वाटेत सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात सहा महिने मुक्काम करून त्याने संस्कृत व्याकरणाचा प्राथमिक अभ्यास केला, त्यानंतर नालंदेत सुमारे दहा वर्षे अध्ययनात घालवली, आणि आपल्या मागून येऊ इच्छिणाऱ्या देशबांधवांना लेखी सल्ला दिला की त्यांनी आधी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून तयारी करावी व मगच पुढची वाट धरावी. तयारी आधी, प्रवास नंतर, आणि मुक्काम दीर्घ: परदेशी विद्याभ्यासाची याहून शहाणी तजवीज मला अद्याप कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत आढळलेली नाही.

मी दिल्लीत या विषयाचे शिक्षण घेऊ लागले तेव्हा आरंभीची वर्षे केवळ लिपीशी झुंजण्यात गेली, आणि ती तशी जाणेच योग्य होते असे माझे मत आजही आहे. ज्या लिपीला वर्णमाला नाही तिच्या कोशात शब्द शोधायचा, तर प्रथम त्या चिन्हाचे मूलांग ओळखावे लागते, मग उरलेल्या रेघा मोजाव्या लागतात, आणि एवढे करून चिन्ह सापडले तरी त्याचा उच्चार चार सुरांपैकी नेमक्या कोणत्या सुरात करायचा हे निराळे पाठ करावे लागते. परंपरेने अशी मूलांगे २१४ मानली जातात, आणि खांग्शी सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध होऊन १७१६ साली पुरा झालेल्या महाकोशाने ही गणना कायमची रूढ केली. त्यातून प्राचीन ग्रंथांत विरामचिन्हे नसत, त्यामुळे वाक्य कोठे थांबते याचा निवाडा वाचणाऱ्यानेच करायचा असतो. एका पृष्ठावर सबंध संध्याकाळ खर्ची पडावी अशा या साधनेतून ज्याला जाण्याची इच्छा नाही, त्याने परदेशवासाची घाई करू नये. कारण अक्षरशत्रू म्हणून त्या देशात उतरलेल्या माणसाला दुकाने, पाट्या आणि माणसांचे चेहरे दिसतात, देश दिसत नाही.

सरकारी शिष्यवृत्तीवर मी बीजिंगला गेले ती नव्वदीच्या दशकात. दाखले, परवाने आणि वैद्यकीय तपासण्या यांची कैफियत कोणत्याही परदेशगमनात सारखीच असते. वसतिगृहाच्या दाराशी बसणारी एक वयस्कर बाई होती. तिचे शालेय शिक्षण बेताचे असावे, पण माझा एखादा सूर चुकला की ती हातातले विणकाम थांबवून तो शब्द सावकाश, दोनदा म्हणून दाखवी आणि मी तो नीट उच्चारल्याखेरीज मला किल्ली देत नसे. उकळलेल्या पाण्याच्या खोलीपुढे थर्मास घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींच्या रांगेत मी जेवढी बोलीभाषा शिकले तेवढी कोणत्याही वर्गात शिकले नाही. कार्तिकाच्या सुमारास तेथे थंडी पडू लागली, आणि एके दिवशी गल्लोगल्ली ट्रकमधून चिनी कोबीचे ढीग उतरवले जाऊ लागले. प्रत्येक कुटुंबाने आपापला वाटा भिंतीलगत, जिन्याखाली, व्हरांड्यात रचून त्यावर जुन्या रजया पांघरल्या, कारण पुढचे कित्येक महिने भाजी म्हणून मुख्यतः तीच पुरवायची होती. हान राजवंशाच्या काळापासून चिनी राज्यकर्ते धान्याची सरकारी कोठारे बांधून महागाईच्या दिवसांत भाव आटोक्यात ठेवीत, हे मी दिल्लीत पाठ केले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. परंतु हिवाळ्यापूर्वीची ती बेगमी, तिच्यासाठी चाललेली नगरशासनाची धावपळ आणि तिच्याविषयी लोकांची चाललेली बारीकसारीक चर्चा पाहिल्यावर, अन्नाचा पुरवठा हा त्या संस्कृतीत राज्याच्या वैधतेचाच प्रश्न का मानला गेला, हे मला पहिल्यांदा उमगले.

तसेच छिंगमिंगचे. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या या दिवशी लोक पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात. पण ज्यांचे गाव दूर आहे अशी माणसे संध्याकाळी चौकाच्या कडेला खडूने वर्तुळ आखतात, गावाच्या दिशेला त्यात थोडी जागा मोकळी सोडतात, आणि आत कागदी नोटा जाळून त्या पितरांना पाठवतात. विधिनियमांवरील प्राचीन ग्रंथ मी ज्या शहरात शिकले त्या दिल्लीत मला ही प्रथा कळली असती ती टीपेच्या रूपाने. येथे मी एका प्रौढ, सुशिक्षित गृहस्थांना त्या वर्तुळापाशी बसून वडिलांशी हलक्या आवाजात बोलताना पाहिले, आणि ज्या समाजाला आपण सर्रास धर्मनिरपेक्ष, व्यवहारी म्हणतो त्याच्याविषयी बोलताना तेव्हापासून मी फार सांभाळून शब्द वापरते.

परंतु त्या वर्षाची खरी कमाई म्हणून मी सांगेन ती निराळीच. युआन श्वांग, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतला ह्युएनत्संग, याने दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राविषयी लिहिलेला मजकूर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचा असतो: येथील माणूस उपकार विसरत नाही, अपमानाचा सूड घेतो, पण सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देतो. हे वर्णन आपल्याकडे आले ते बहुतांशी सॅम्युएल बील यांच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतरावरून, आणि तेही उताऱ्याच्या रूपाने; त्यामुळे ते जणू आपल्यालाच उद्देशून लिहिलेले प्रशस्तिपत्र असावे अशी आपली समजूत झाली. बीजिंगमधील माझ्या वयोवृद्ध अध्यापकांनी माझ्याकडून तो ग्रंथ मुळात वाचून घेतला. ६४६ साली पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाचे बारा खंड असून महाराष्ट्र अकराव्या खंडात येतो. आणि तेथपर्यंत पोचेतो वाचकाच्या ध्यानात आलेले असते की प्रत्येक देशाची हकीकत एकाच साच्यात बसवलेली आहे: प्रथम देशाचा घेर, मग राजधानीचा विस्तार, जमिनीचा मगदूर, हवामान, लोकांचा स्वभाव, राजाचे नाव, आणि शेवटी विहारांची व भिक्षूंची संख्या. थांग सम्राट थायत्सुंग याच्या सांगण्यावरून तयार झालेले ते जवळजवळ एक दफ्तरी टिपण आहे. अध्यापकांना हा साचा समजावून सांगण्यासाठी कोणत्याही संशोधनाचा आधार घ्यावा लागला नाही, कारण अशा प्रांतवार नोंदी वाचतच त्यांचे वय झाले होते. आणि साचा कळल्यावर त्या मजकुराचे मोल कमी झाले नाही, उलट वाढले. ठरलेल्या रकान्यांतून झपाट्याने पुढे सरकणारा तो संयमी प्रवासी आपल्या देशापाशी आल्यावर, तेथील लोकांच्या मानीपणाविषयी आणि हर्षालाही न नमलेल्या त्यांच्या राजाविषयी, नेहमीपेक्षा अधिक वेळ थांबला आहे, हे ज्याला साचा ठाऊक आहे त्यालाच दिसते. पुढे त्याने केलेले डोंगरातल्या विहाराचे वर्णन अजिंठ्याचेच असावे असे विद्वान मानतात. माझ्या स्वतःच्या मुलखाविषयीचा एक उतारा नीट वाचण्यासाठी मला बीजिंगला जाऊन राहावे लागले, याचे मला तेव्हा नवल वाटले. आता वाटत नाही.

याला आक्षेप म्हणून आर्थर वेली यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. चिनी कवितेची विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी इंग्रजी भाषांतरे करणाऱ्या या माणसाने चीनमध्ये कधीच पाऊल टाकले नाही, हे खरे आहे. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. परंतु असाधारण प्रतिभेच्या एका अपवादावर अभ्यासक्रमाची घडी बसवता येत नाही. शिवाय वेली यांचा व्यवहार मुख्यतः शतकांपूर्वी होऊन गेलेल्या कवींशी होता, आणि आपल्याला तर सीमेपलीकडे राहणाऱ्या, आज जिवंत असलेल्या माणसांशी बोलायचे आहे.

मराठी माणसांना हे पूर्वी अधिक स्पष्ट कळले होते असे मला वाटते. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, सहकारी परतल्यावरही तेथेच राहिले, आणि १९४२ मध्ये मृत्यूने गाठले तोवर चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यविद्या शिकवण्याइतके त्या भाषेवर प्रभुत्व मिळवून बसले होते. स्वातंत्र्याच्याच वर्षी पेकिंग विद्यापीठात चिनी शिकायला गेलेले वसंत वासुदेव परांजपे १९५४ च्या नेहरू–माओ भेटीत दुभाषी म्हणून बसले. पुण्यातील पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने एका पाली अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते भांडारकर संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. पण मध्येच १९६२ चे युद्ध आले होते. दिल्ली विद्यापीठात १९६४ मध्ये चिनी अध्ययनाचे केंद्र निघाले खरे, पण कित्येक वर्षे चीनचा रस्ताच बंद असल्यामुळे एका सबंध पिढीला आपल्या विषयाचा देश न पाहताच त्या विषयाचे अध्यापन करावे लागले. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. मात्र त्या काळात चीनविषयीचे आपले ज्ञान पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतून उसने घेण्याची जी सवय जडली ती अद्याप सुटलेली नाही. बीजिंगमध्ये मला भेटलेल्या सामान्य माणसांच्या मनात त्या युद्धाला जवळजवळ स्थान नव्हते. त्यांना राज कपूरचा ‘आवारा’ आठवत होता आणि वडीलधाऱ्यांना कोटणीस आठवत होते. दोन शेजाऱ्यांच्या स्मरणात एवढे अंतर असते, ही गोष्ट राजकारणाच्या कोणत्याही चर्चेआधी आपल्या तरुणांनी तेथे राहून स्वतः जाणून घेतली पाहिजे.

इंग्लंडमधील कित्येक विद्यापीठांत चिनी विषयाची पदवी चार वर्षांची असते आणि त्यांतील एक वर्ष चीनमध्ये घालवणे हा पदवीचाच भाग असतो. ऑक्सफर्ड तर विद्यार्थ्यांना दुसऱ्याच वर्षी तिकडे धाडते. आपल्याकडे अशा मुक्कामाची संधी अजूनही बव्हंशी शिष्यवृत्तीच्या नशिबावर सोडलेली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांना माझी विनंती आहे की त्यांनी चिनी विद्येची पदवी काढावी, तिच्यात भक्कम पूर्वतयारीनंतरचा वर्षभराचा मुक्काम अनिवार्य करावा आणि त्याच्या खर्चाचा बंदोबस्तही आपणच करावा. आणि ज्या आईबापांची मुलगी हा इरादा बोलून दाखवील त्यांनी तिला दोन-तीन आठवड्यांच्या सहलीवर समाधान मानायला सांगू नये. आधी तिला मन लावून वाचू द्यावे, मग वर्षभरासाठी जाऊ द्यावे.