मामा आणि अंकल

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून मला बारा वर्षं झाली होती. गावाच्या लेखी इंग्रजी म्हणजे नोकरी. आम्हा मास्तरांना मात्र ते साहेबाच्या घरातलं काचेचं भांडं वाटे. जपून उचलायचं, जपून ठेवायचं. एक सहकारी म्हणायचे, उच्चार लंडनचाच पाहिजे. लंडन आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं. बीबीसी लावावी तर निम्मी खरखरच ऐकू यायची.

वर्गातलं निराळंच. नववीत नाती शिकवत होतो. मामा, काका, आत्याचा नवरा, सगळे ‘अंकल’. एक पोरगी उठून म्हणाली, "मंग सर, मामा आन् काका येकच व्हय?" तिचा बाप गेलेला. काकानं बांध कोरून कोरून रान खाल्लं होतं आणि वह्या-पुस्तकं मामा घेऊन देत होता. तिला मी काय सांगणार? म्हटलं, "तू मामाच लिही."

तिनं लिहिलं. सहामाहीचा पेपर नेमका त्या सहकाऱ्यांकडं गेला. ‘मामा’ला लाल रेघ, एक मार्क कमी.

स्टाफरूममध्ये आमची जुंपली. मी म्हणालो, नायजेरियाच्या चिनुआ अचेबेनं १९५८ साली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये इग्बो लोकांचे शब्द, म्हणी, यामच्या कंदाचा सण, सगळं इंग्रजीत आणून बसवलं. ते म्हणाले, "तो लेखक आहे. ही नववीची पोरगी. उद्या बोर्डाचा परीक्षक अचेबे वाचलेला असेल का?"

बोलणं खोटं नव्हतं. जगाचं इंग्रजी कितीही ऐसपैस झालं तरी आमच्या पोरांचा मार्क एका लाल पेनाच्या टोकावर असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, इंग्रजीतला ‘मंगूज’ हा आपल्या मुंगसावरनं गेलेला शब्द, डिक्शनरीत तसं छापलंय. "म्हंजी आपलं मुंगूस लंडनला गेलं व्हय?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडलेलं पोरगं ते! मग दिवसभर व्हरांड्यात नुसतं ‘मंगूज, मंगूज’.

दहावीच्या बोर्डाला निबंध आला तेव्हा त्या पोरीनं काय लिहिलं, ते तिनंच बाहेर येऊन सांगितलं : ‘माय मामा, माय मदर्स ब्रदर’. दोन्ही.