मुक्काम कोठे करावा?

प्रवासास निघण्यापूर्वी आपण गाडीचे वेळापत्रक पाहतो, प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, कपडे कोणते घ्यावेत याचा खल करतो. मुक्कामाचा प्रश्न मात्र बहुधा शेवटी उरतो आणि खोलीचे भाडे किती, एवढ्यावरच तो निकालात निघतो. वास्तविक परक्या शहरी आपण कोणत्या वस्तीत उतरतो, यावर त्या शहराचे कोणते रूप आपल्याला दिसणार हे पुष्कळ अंशी ठरत असते. समुद्रकाठच्या शहरांत तर हे विशेष खरे. कारण तेथे पाणी आडवे येते आणि नकाशावर बोटभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात मोठा वळसा ठरू शकते.

केरळातील कोची शहर याचे उत्तम उदाहरण आहे. ज्याला आपण एक शहर म्हणतो, तो वस्तुतः अनेक गावांचा मेळ आहे. फोर्ट कोची, मट्टांचेरी आणि एर्नाकुलम या नगरपालिका एकत्र होऊन १९६७ साली तेथील महानगरपालिका स्थापन झाली. कागदोपत्री गावे एक झाली, तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळाच राहिला.

एर्नाकुलम मुख्य भूमीवर आहे. रेल्वेची स्थानके, मोठी दुकाने, रुग्णालये आणि २०१७ साली सुरू झालेली मेट्रो, अशा सर्व सोयी तेथे हाताशी आहेत. मात्र तेथील मरीन ड्राइव्हवर उभे राहून जे पाणी दिसते तो समुद्र नव्हे, खाडी आहे, हे मुंबईच्या वाचकांनी आधीच ध्यानी घ्यावे. खाडीच्या मध्यावर विलिंग्डन बेट आहे. सर रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेल्या गाळाने ते घडविले गेले. तेथे शांतता आहे. पण बंदर आणि नौदलाचा शेजार असल्याने सायंकाळी पायी फिरून पाहण्याजोगी वस्ती थोडी.

पलीकडे फोर्ट कोची. काठावर चिनी पद्धतीची मासेमारीची प्रचंड जाळी, आत जुन्या वृक्षांच्या सावलीतले रस्ते. वास्को द गामा याला १५२४ साली जेथे पुरले होते आणि पुढे जेथून त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले, ते सेंट फ्रान्सिस चर्चही येथेच आहे. घरगुती निवासांची येथे रेलचेल आहे. त्याला लागूनच मट्टांचेरी. तेथे मिरी आणि सुंठ यांच्या वखारी, १५६८ साली बांधलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर, गुजराती व्यापाऱ्यांची घरे, आणि चेरलाई भागात गोव्याकडून काही शतकांपूर्वी आलेल्या कोकणी भाषिक गौड सारस्वतांची वस्ती आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब कोचीस जाण्याचे ठरविले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. माझ्या बंधूंचे म्हणणे, आईचे वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. तेव्हा एर्नाकुलमला रुग्णालयाजवळ उतरावे. पत्नीचा व मुलांचा कौल फोर्ट कोचीला. आई मात्र काहीच बोलली नाही. तिचे ते गप्प राहणे मला खटकले. गेल्या काही वर्षांतील आमचे प्रवास आठवले, तेव्हा ध्यानात आले की प्रत्येक ठिकाणी एक वाक्य ठरलेले असे : “आई, तू खोलीत आराम कर, आम्ही पाहून येतो.” आम्ही तिची काळजी घेत होतो यात शंका नाही; परंतु प्रवास आमचा होत होता, तिचा नव्हे. शेकडो मैल नेऊन आम्ही तिला चार भिंतींतच बसवीत होतो.

मग मी प्रश्नच बदलला. पाहण्यासारखे जवळ काय आहे, हे विचारण्याऐवजी आई कोणाच्याही सोबतीवाचून कोठे बाहेर पडू शकेल, हे विचारले. त्याचे उत्तर चेरलाई असे निघाले. तेथील तिरुमल देवस्थानापासून थोड्याच पावलांवर, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हांस मिळाल्या.

आमचे घर मूळचे मालवणकडचे. आईची मालवणी आणि तेथील कोकणी यांत अंतर पुष्कळ. शिवाय तेथल्या बोलीत मल्याळमचे पाणी मिसळलेले. तरी दुसऱ्याच सकाळी आई एकटी देवळात गेली आणि तासाभराने हातात फुले घेऊन परतली. निम्मे शब्द कळले, निम्मे हातवाऱ्यांनी भागले, असे तिने सांगितले. तिसऱ्या दिवशी तिने आम्हांला वाट दाखविली. कोणत्या दुकानी केळी चांगली मिळतात, हे त्या गावात आमच्यापैकी फक्त तिलाच ठाऊक होते.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने मला येथे एका ग्रंथाची आठवण झाली. मलबारातील वनस्पतींवरचा ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा डच राजवटीतील ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांचे कोकणीतील प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. आपली परिचित लिपी इतक्या दूरच्या बंदरातून त्याही पलीकडे गेली होती, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्याच भाषेच्या शेजारात चार दिवस राहणे वेगळे.

या निवडीची किंमतही पडली, हे सांगितले पाहिजे. खिडकीतून समुद्र दिसला नाही. मालमोटारींच्या आवाजाने पहाटे जाग येई. मुलांना मासेमारीची जाळी पाहण्यास रिक्षाने जावे लागे. बंधूंच्या समाधानासाठी जवळच्या डॉक्टरांचा पत्ता पहिल्याच दिवशी टिपून ठेवला. सुदैवाने त्याचा उपयोग करावा लागला नाही. एर्नाकुलमला जायचे तर पुलांवरून वळसा घालण्याऐवजी आम्ही बोटीने जात असू. आता तेथे वॉटर मेट्रोही आहे.

तेव्हा वाचकहो, कोची असो, विशाखापट्टणम असो वा पुरी, मुक्काम ठरविण्यापूर्वी नकाशात रस्त्याबरोबर पाण्याची वाटही पाहा. पावसाळा असेल तर बोटींची चौकशी आधी करा. जिने किती, देऊळ वा बाजार किती पावलांवर, हे भाड्याच्या आधी विचारा. आणि घरातील जे माणूस सर्वांत कमी चालू शकते, त्याच्या पावलांनी अंतर मोजा. जे भराभर चालू शकतात, त्यांना शहर कोठूनही गाठता येते.